गाडी सात तास चालली, माणूस एकवीस तास जागा

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

खेड तालुक्यातल्या एका चालकाचं हे पत्र. वय त्रेचाळीस, वीस वर्षं अवजड गाडी चालवतात, सध्या बाराचाकी. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतून रसायनांचे ड्रम भरायचे आणि उरणजवळच्या सीएफएस यार्डात (बंदराचा माल कंटेनरमध्ये भरतात-उतरवतात ते आवार) उतरवायचे, असं काम. शेठच्या सहा गाड्या आहेत. पगार बारा हजार आणि खेपेमागे अठराशे रुपये भत्ता. पूर्वी महिन्याला अकरा खेपा व्हायच्या. माल देणाऱ्या कंपनीनं सांगितलं, की रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी हलवायची नाही आणि प्रत्येक चालकाच्या तासांची वही ठेवायची. तेव्हापासून खेपा आठवर आल्या. शेठ महिनाअखेरीला भरलेली वही पुढं करतो, त्यात रोजचे आठ तास लिहिलेले असतात. "सही कर, कागद कंपनीला दाखवायचा आहे" एवढंच सांगतो. दुसऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं गुजरात लाइनवर जास्त भत्ता देऊ केलाय, तिथं असले नियम नाहीत म्हणे. शेठकडची चाळीस हजारांची उचल मात्र अजून फिटायची आहे. पत्रात मुख्य तीन प्रश्न आहेत. सही करू का? नोकरी बदलू का? आणि वीस वर्षं रात्रीची गाडी मारून कधी डोळा लागला नाही, मग हे नियम आमच्यासारख्यांना कशाला?

उत्तर :

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतील.

तुम्ही रात्रीच्या बंदीआधीच्या एका खेपेचा दिवस पत्रात नीट लिहिला आहे, म्हणून तोच समोर ठेवू. सकाळी सहाला उठलात. नऊला कंपनीच्या गेटवर पोचलात. माल भरून झाला चारला, ताडपत्री बांधून कागद हातात पडले सहाला. मग निघालात. वाटेत तासभर जेवण, बाकी सात तास गाडी. रात्री दोनला यार्डाजवळ पोचलात, रांगेत गाडी लावून तीनला आडवे झालात. गाडी फक्त सातच तास चालली, म्हणजे "आठ तासांच्या आत" हे अगदी खरं. पण तुम्ही एकवीस तास जागे होतात, आणि त्यातला शेवटचा टप्पा, नागोठणे ते वडखळ ते पेण, मध्यरात्रीनंतरचा होता.

सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते. हे प्रयोगात मोजलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवताना दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. चहाशिवाय काही न घेतलेला माणूस त्या रेषेच्या पलीकडं जातो आणि त्याला स्वतःला त्याची खबर नसते. "कधी डोळा लागला नाही" हे तुमचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. पण तीन-चार सेकंदांची डुलकी ज्याला लागते, त्याला ती लागली हे बहुतेक वेळा कळतच नाही. ताशी साठच्या वेगानं गाडी चार सेकंदांत साधारण सदुसष्ट मीटर जाते. डोळे उघडे असतात, हात स्टेअरिंगवर असतात, मेंदू मात्र बंद असतो. याची खूण वेगळीच असते. मागचे चार-पाच किलोमीटर कसे आले ते आठवत नाही. नेहमीचा ढाबा कधी मागं गेला ते कळत नाही. गाडी पांढऱ्या पट्टीवर जाऊन चाकांचा आवाज बदलतो. समोरच्याला डिपर द्यायला उशीर होतो. मागच्या महिन्यात यातलं काही झालं का, एवढंच स्वतःला विचारा. वीस वर्षांच्या अनुभवानं घाटात गिअर कधी टाकायचा ते कळतं, झोप मात्र अनुभवाचं ऐकत नाही.

आता नियमाकडे. तुमच्या ग्रुपवर "अकरा तासांपर्यंत चालवायला परवानगी" असा मेसेज फिरतोय, असं तुम्ही लिहिलंय. तो नियम अमेरिकेचा आहे. तिथं सलग दहा तास सुटी झाल्यावर चौदा तासांच्या आत अकरा तास गाडी चालवता येते, आणि ते तास गाडीतलं यंत्र नोंदवतं. आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम. लांब पल्ल्याच्या मार्गावर मंजुरी घेऊन दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्नपर्यंत. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. सगळं धरून दिवसाचा पसारा, म्हणजे काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा वेळ, बारा तासांच्या आत, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास सुटी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ९१ हेच तास वाहन चालवणाऱ्या माणसाला लावतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत सामावला गेला. दिवसाचे आठ तास आणि जादा कामाला दुप्पट दर तिथंही आहे. मधल्या सुट्ट्या आणि पसारा सरकारी अधिसूचनेनं ठरतो, त्याची चालू प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मागता येते.

शेठ म्हणेल, "आपल्याकडे दहा माणसं नाहीत, आपल्याला हे लागू नाही." यात अर्धं खरं आहे. जुना कायदा पाच माणसांपासून लागू व्हायचा, संहितेचा आकडा दहा आहे. तुमच्या शेठचे सहा चालक, दोन क्लीनर आणि एक मुनीम म्हणजे नऊच होतात. पण कलम ९१ मध्ये माणसांची मोजणी नाही. ते वाहतुकीचं वाहन चालवायला ठेवलेल्या कुणाहीबद्दल बोलतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाची अंमलबजावणी कशी करायची यावर केंद्राला राज्यांच्या परिवहन खात्यांबरोबर बैठका घ्यायला सांगितलं. तुमच्या कंपनीनं वही मागितली ती याच वाऱ्यात, असं समजायला हरकत नाही.

या सगळ्यात तुमच्या सर्वात उपयोगाची ओळ फारशी कुणी वाचत नाही. कामाचे तास म्हणजे फक्त चाक फिरण्याचा वेळ नव्हे. गाडी, माल, ताडपत्री, कागद यांसाठी केलेलं जोडकाम त्यात येतं. टर्मिनलवरची नुसती हजेरी पंधरा मिनिटांपेक्षा कमी असली तर तीही येते. त्याहून लांबलेली थांबणूक आपोआप कामात धरली जात नाही, आणि इथंच चालकाचा दिवस गिळला जातो. गेटवर सात तास उभं राहिलात तर मालक म्हणतो, "तू तर झोपलाच होतास." पण दर वीस मिनिटांनी रांग पुढं सरकते, गाडी चालू करून चार फूट घ्यावी लागते, मधूनच लोडिंगवाला हाक मारतो. ही झोपही नाही आणि सुटीही नाही. जुन्या कायद्यातला बारा तासांचा पसारा नेमका यासाठीच होता. काम धरा किंवा वाट बघणं धरा, सकाळी नऊला सुरू झालेला दिवस रात्री नऊला संपायला हवा.

म्हणून मला वाटतं, तुमचं भांडण ज्याच्याशी आहे असं तुम्ही समजता, त्याच्याशी ते नाहीच. तुमच्या मते खेपा रात्रीच्या बंदीनं खाल्ल्या. पण आकडे बघा. एका खेपेत गाडी सात तास चालते, आणि कंपनीच्या गेटवर सात तास अन् यार्डाच्या रांगेत नऊ तास, असे सोळा तास उभी असते. या सोळा तासांचा एक रुपया कुणी देत नाही. रात्र होती तोवर ही उधळपट्टी तुमच्या झोपेतून भरून निघत होती. आता रात्र बंद झाली आणि ती उघडी पडली.

भाषणापेक्षा वहीचा उपयोग जास्त होईल. शेठच्या वहीबरोबर स्वतःची एक साधी शंभर पानी वही ठेवा. प्रत्येक खेपेला एक पान. गेटवर पोचल्याची वेळ, आत घेतल्याची वेळ, भरून झाल्याची, कागद मिळाल्याची, निघाल्याची, वाटेतल्या प्रत्येक थांब्याची, यार्डाला पोचल्याची, टोकन मिळाल्याची, रिकामी झाल्याची वेळ. सही-शिक्क्याची गरज नाही, पण प्रत्येक वेळेला पुरावा जोडता आला पाहिजे. गेटपासचा फोटो काढा. वजनकाट्याच्या पावतीवर वेळ छापलेली असते. टोलनाक्यावर फास्टॅगचा मेसेज येतो, तो शेठच्या मोबाइलवर येत असेल तर त्याला पुढं पाठवायला सांगा. चार आठवडे हे करा. तोवर कुणाशी भांडू नका.

आता पैशांचा हिशेब. पूर्वी पगार बारा हजार अधिक अकरा खेपांचे एकोणीस हजार आठशे, एकूण एकतीस हजार आठशे. आता बारा हजार अधिक चौदा हजार चारशे, एकूण सव्वीस हजार चारशे. तूट पाच हजार चारशेची. शेठकडं जाऊन "भत्ता वाढवा" म्हणालात तर तो म्हणेल, भाडं तेवढंच आहे, कुठून देऊ? त्याऐवजी हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, मागा. गेटवर चार तास आणि यार्डात चार तास मोफत धरू. त्यानंतरचे आठ तास उरतात. तासाला ऐंशी रुपये धरले तर खेपेला सहाशे चाळीस, आठ खेपांचे पाच हजार एकशे वीस. तूट जवळजवळ भरली. ऐंशी हा आकडा नमुन्याचा आहे, तुमच्याकडं घासाघीस होईल. पण मुद्दा ध्यानात घ्या. हा पैसा शेठच्या खिशातून मागायचा नाही, माल देणाऱ्या पार्टीकडून मागायचा. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) "इतक्या तासांनंतर हॉल्टिंग इतकं" अशी ओळ आधीच छापलेली असली तर शेठ ते बिलात लावू शकतो. ओळ नसली तर पार्टी हात वर करते. तुमच्या वहीची चार पानं शेठच्या हातात दिलीत तर तीच पानं तो कंपनीच्या डिस्पॅचवाल्यापुढं ठेवील. इथं तुमचा आणि शेठचा फायदा एकाच बाजूला आहे, हे त्याला पटवायला जड जाऊ नये.

पण माझ्या मते हॉल्टिंगपेक्षाही गेट लवकर सुटणं महत्त्वाचं. माल भरायला सात तास लागतात कारण ड्रम उचलायला सात तास लागतात असं नाही. गाडी नऊला बोलावतात, मालाचा तपासणी अहवाल दुपारी येतो, बिल जेवणानंतर बनतं, ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यानं न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, संध्याकाळी. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला डिस्पॅचला एकच फोन करायचा. माल पॅक होऊन तपासणीतून सुटलाय का? नसेल तर गाडी सकाळी गेटवर न्यायचीच नाही, दुपारी न्यायची. सहा गाड्यांच्या शेठला आणखी एक सोय परवडते. गाडी कंपनीत लावणं, भरून घेणं, बांधणं यासाठी जवळचाच एक चालक रोजावर ठेवायचा. अवजड लायसन्स आणि रसायनाच्या मालासाठीचा शेरा दोन्ही असलेला. त्यानं दिवसा गाडी भरून कंपनीच्या आवारातच उभी करायची. वस्तीत, पेट्रोल पंपावर किंवा शाळेच्या रस्त्यावर भरलेली रसायनाची गाडी रात्रभर उभी करू नका. ट्रेमकार्ड (मालाचा धोका आणि तातडीचे उपाय लिहिलेलं कार्ड) केबिनमध्ये ठेवा.

तुम्ही खेड तालुक्यातलेच, म्हणजे रात्री घरी झोपू शकता. आत्ता तुम्ही काय करता? सहाला निघता, अकराच्या आत माणगाव किंवा कोलाडला थांबता, केबिनमध्ये डास मारत पाच वाजवता आणि आठला यार्डात पोचता. सकाळी नऊपासून रात्री साडेदहापर्यंत दिवसाचा पसारा साडेतेरा तास झाला. याउलट गाडी भरून झाली की सहाला घरी जायचं, नऊला झोपायचं, पाचला लोट्याहून निघायचं. सात तास गाडी आणि अर्धा तास विश्रांती, साडेबाराला यार्ड. संध्याकाळी पाचला रिकामे झालात तर पसारा बरोबर बारा तास. सुटीचे तास अकरा. तुम्ही म्हणाल, आठला पोचलो तर नंबर लवकर लागतो. लागतो का, ते वही सांगेल. चार आठवड्यांत सकाळी आठला आणि दुपारी साडेबाराला पोचलेल्या खेपांची पानं शेजारी ठेवा आणि रिकामं व्हायला किती वेळ लागला ते बघा. दोन्ही वेळा संध्याकाळच होत असेल, तर आठला पोचून तुम्ही फक्त रांगेतली जागा राखत होतात.

शक्य झालं तर शेठला दोन्ही पद्धती एकेक आठवडा चालवून बघायला सांगा. जाऊन-येऊन खेपेला तीन दिवस धरले तर सव्वीस दिवसांत आठ खेपा हाच सरळ आकडा आहे. नववी आणि दहावी खेप गेटवरच्या तासांतून निघेल, ती रात्रीतून ओढायला जाऊ नका. सकाळी सहा ते आठ भरून झालं, साडेआठला निघालात, तर चारला पोचता आणि अख्खा दिवस वाचतो. त्या दिवशी काम साडेनऊ तासांचं होईल. आठच्या वरचे दीड तास जादा कामाचे, दुप्पट दरानं.

घाईचं आणखी एक कारण चालक सांगतात, ई-वे बिल संपेल. त्याचा हिशेब असा : दर दोनशे किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक दिवस. आणि पहिला दिवस बिल बनवल्याच्या तारखेनंतरच्या दिवशी मध्यरात्री संपतो. म्हणजे आज संध्याकाळी सहाला बनलेलं एका दिवसाचं बिलसुद्धा उद्या रात्री बारापर्यंत चालतं. पोर्टलवर अंतर २०१ दाखवलं तर आणखी एक दिवस. दरड आली, रस्ता बंद झाला, तर मुदत संपायच्या आधी आठ तास किंवा संपल्यानंतर आठ तासांत कारण देऊन ट्रान्सपोर्टर ती वाढवू शकतो. मुनीमाचा नंबर हाताशी ठेवा. कशेडीत दरड आली म्हणून घाम फुटायचं कारण नाही.

आता सही. करू नका. मी याला नीतीचा प्रश्न बनवत नाही, तुमच्या सोयीचं सांगतो. अपघात झाला तर गुन्हा स्टेअरिंगवर असलेल्यावर दाखल होतो. निष्काळजीपणानं मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. (अपघात करून पळून जाण्याचं दहा वर्षांचं कलम १०६(२), ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला, ते केंद्रानं स्थगित ठेवलंय. ग्रुपवर दोन्ही एकत्र फिरतात.) त्या दिवशी तुमचा वकील सांगू पाहील, की शेठनं दिवसभर राबवून वर रात्री गाडी चालवायला लावलं. समोरचा वही काढील. तुमच्या सहीनं रोजचे आठ तास. तुमच्या बाजूचा एकमेव पुरावा तुम्हीच खोडून ठेवलेला असेल. फास्टॅग मात्र रात्रीचा टोल दाखवील, म्हणजे तुम्ही खोटेही ठराल.

"सही करत नाही" असं तोंडावर सांगायची गरज नाही. "शेठ, वही मी रोजच्या रोज माझ्या हातानं भरतो, महिनाअखेरीला एकदम नको" एवढं म्हणा. आणि खरं लिहा. अकरा तास झाले तर अकरा. कंपनीला ते बघून लाज वाटेल, आणि वाटलीच पाहिजे, कारण त्यातले सात तास त्यांच्या गेटवरचे आहेत. शेठनं आधीच भरलेल्या पानावर सही मागितली, तर सहीखाली तारीख आणि "मजकूर आधी भरलेला होता" असं लिहा, फोटो काढा. त्यानं कामावरून काढायची धमकी दिली तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज करा, जमलं तर दोन-तीन चालक मिळून. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. संहितेच्या कक्षेतला मालक असेल तर नियुक्तीपत्रही मागा. पगार, भत्ता, तास त्यात लिहिलेले असतात. अनेक चालकांनी आयुष्यात असा कागद बघितलेला नसतो.

गुजरात लाइनबद्दल. जास्त भत्ता खरा असेलही. पण "तिथं नियम नाहीत" याचा अर्थ तिथं गेटवरचे तास कमी आहेत असा होत नाही. तिथंही रांग असते, आणि ती मोजणारी वही नसते. जायच्या आधी त्या मालकाला विचारा. भत्ता खेपेवर की किलोमीटरवर? गाडी उभी राहिली तर दिवसाला काय? टायर फुटला, दंड लागला तर पगारातून कापतो का? वजन किती भरतो? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ओव्हरलोडला वीस हजार आणि वर जादा टनामागे दोन हजार दंड आहे. चालक स्वतः मालक नसेल तर माल मालकाच्या सांगण्यावरून भरला असं न्यायालय गृहीत धरू शकतं, तरी रस्त्यावर अडकून दोन दिवस बसणारे तुम्हीच. आणि त्या मालकाच्या दोन चालकांना, तो जवळ नसताना, महिन्याचा हातात पडलेला आकडा विचारा. सांगितलेला आकडा ऐकून येऊ नका.

चाळीस हजारांची उचल असताना सोडून जाणं म्हणजे शेठच्या हातात दोरी देणं. आधी कागदावर आणा : किती घेतली, दर महिन्याला किती कापायची, किती उरली. महिन्याला चार हजारांनी दहा महिने लागतील. नव्या मालकाकडून उचल घेऊन जुनी फेडू नका. दावणीचा खुंटा तेवढा बदलतो.

माझा कल सांगायचा तर, चार आठवडे वही, मग शेठशी हॉल्टिंग आणि गेटची बोलणी, आणि दोन महिन्यांत काहीच हललं नाही तर नोकरी बदला. त्या वेळी तुमच्याकडं वही असेल, आणि नव्या मालकाशी त्याच आकड्यांवर बोलता येईल.

झोपेविषयी थोडं, कारण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना रात्र टाळता येणार नाही. फेब्रुवारी ते मे देवगड, राजापूर, रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीच्या बाजारात पहाटे पोचायचं असतं, मासळीच्या गाडीलाही पहाटच गाठायची असते. तिथं "रात्री चालवू नका" हा सल्ला हवेत विरतो. अशांनी निघायच्या आधी दुपारी तीन-साडेतीन तास झोप काढा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार शरीर आपोआप खाली उतरतं, तो वेळ उभ्या गाडीत काढता आला तर उत्तम. झापड आली तर खिडकी उघडणं, गाणी मोठी लावणं, तंबाखू, पाण्याचा हबका, यांनी पाच-दहा मिनिटं निघतात, फार तर. जे खरोखर चालतं ते असं : सुरक्षित जागी गाडी लावा, कॉफी किंवा कडक चहा प्या आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. चहा-कॉफी अंगात भिनायला अर्धा तास लागतो, म्हणजे उठाल तेव्हा ती काम करायला लागलेली असते. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं डोकं जड असतं. तेवढ्यात टायरवर हातोडी मारून बघा, दोर तपासा, मगच सुरू करा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या, सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन असलेल्या, झोप आणतात. औषधाच्या दुकानात "मी ड्रायव्हर आहे" असं आधी सांगा. जागं ठेवणाऱ्या गोळ्यांच्या नादी लागू नका. त्या उतरतात तेव्हा माणसाला चालत्या गाडीत एकदम आडवं करतात.

पोटभर भात आणि तळलेली मासळी खाऊन लगेच निघणं टाळा. वाटेत भाकरी, पातळ भाजी, निघताना फळ. माणगाव-इंदापूरच्या कोंडीत अडकायचंच असेल तर त्याच्या आधी जेवून घ्या, म्हणजे पाच तासांच्या आतला अर्धा तास आपोआप साधतो. रात्री घोरता आणि सकाळी उठूनही ताजं वाटत नाही, असं असेल तर डॉक्टरला झोपेतला श्वास अडकण्याबद्दल विचारा. जाड मानेच्या चालकांत हे पुष्कळ असतं आणि त्यावर इलाज आहे. चाळिशीनंतर साखर, रक्तदाब आणि रात्रीची नजर वर्षातून एकदा तपासा.

क्लीनरला सोबत घेऊन आलटून-पालटून चालवण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. दोनशे किलोमीटरला दुसरा पगार परवडत नाही, आणि चालत्या केबिनमधली, तीही पावसातल्या खड्ड्यांवरची, झोप अर्धीच धरायची. आठशे-हजार किलोमीटरच्या लाइनला दोन चालकांचा अर्थ आहे. गोव्याकडं आणि पुढं मंगळूरच्या बाजूला नेहमी जाणाऱ्यांनी कोकण रेल्वेच्या रो-रोचा विचार करावा. १९९९ पासून कोलाडहून ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून वेर्ण्याला नेतात, नंतर सुरतकललाही नेऊ लागले. गाडी रेल्वे नेते तेवढा वेळ चालक खरोखर आडवा होतो. एसी केबिनची सक्ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकांना आहे. तुमच्या जुन्या बाराचाकीला ती लागू नाही, पण काचेवर जाड पडदा, डासांची जाळी आणि बॅटरीवरचा पंखा यांना फार पैसा लागत नाही. केबिनची झोप निम्मी तरी सुधारते.

आणि गणपतीचं लक्षात ठेवा. मुंबई-गोवा महामार्गावर त्या दिवसांत सोळा टनांवरच्या गाड्यांना सरकार दरवर्षी बंदी घालतं. दूध, इंधन, औषधं असल्या वस्तूंना सूट असते, तुमच्या ड्रमांना ती आहे का, ते आदेशात तपासा. तारखा दरवर्षी बदलतात, आदेश निघाला की शेठकडून त्याची प्रत मागून घ्या आणि त्या दिवसांचा अर्धा भत्ता आत्ताच, पावसाआधी, बोलून ठेवा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी बोललात तर कुणी ऐकणार नाही. गाडीचं पासिंग, ब्रेक लायनरचं काम, लायसन्सचं नूतनीकरण याच दिवसांत उरकता येतं. वही मात्र उद्याच्या खेपेपासून सुरू करा. पहिली नोंद, गेटवर पोचल्याची वेळ.